अर्नाळ्याचा शिलालेख व नागासाकीचा वसईकर

(१)

उत्तर कोंकणांत वैतरणा नदी जेथें समुद्रास मिळते तेथें अर्नाळ्याचें बेट आहे. बेटावरील जलदुर्गाच्या मुख्य दरवाजावर एक मराठी शिलालेख असून तो शार्दूलविक्रीडित वृत्तांत आहे. बाजीरावानें शंकरास आज्ञा केली कीं, पाश्चात्यांस मारून समुद्रांत सत्वर जंजिरा बांधावा, असा त्यांतील मजकुराचा आशय आहे. हा शंकर म्हणजे शंकराजी केशव फडके. काम सिद्धीस नेणारा बाजी तुळाजी याचेंही नांव लेखांत आहे. अर्नाळा इ. स. १७३७ त (शके १६५९) मराठ्यांच्या हातीं आला व पुढें दोन वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. हा वृत्तांत मंडळाच्या सभासदांस मुखोद्गत आहे; त्याची पुनरुक्ति करण्याचा हेतु नाहीं.

माझें लक्ष लेखांतील 'पाश्चात्य' या एका शब्दाकडे आहे. 'पश्चात्' या अव्ययास त्यक् प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो (शुद्ध रूप 'पाश्चात्त्य'), आणि 'पश्चिमेकडे झालेला, तिकडला' असा त्याचा अर्थ. म्हणजे व्याकरण मनुष्यास त्याच्या जन्मभूमीवरून पश्चिमेकडला ठरवितें. मग ज्याचा बाप पोर्तुगीज, आई वसईची, आणि जन्म वसईचा, त्यास काय म्हणावें? आणि तोच पुढें पूर्व समुद्र ओलांडून जपानांत धर्मोपदेशक म्हणून राहिला व तेथेंच मारला गेला, तर त्याचा वृत्तांत कोणाच्या इतिहासांत घालावा? हा प्रश्न केवळ शब्दच्छल नाहीं. त्याच्या उत्तरावर आपण कोणते कागद जपतों व कोणते टाकून देतों हें अवलंबून आहे, असें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

(२)

गोन्सालो गार्सिया याचा जन्म वसईस इ. स. १५५६-५७ च्या सुमारास झाला. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें ता. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली, त्यास तेव्हां बावीस-तेवीस वर्षें झालीं होतीं. तहापूर्वीं कांहीं वर्षें पोर्तुगीज आरमारानें अर्नाळ्यासमोरील आगाशी बंदर जाळलें होतें. त्याचें स्मरण वडील पिढींत ताजें असतांना हा मुलगा वाढला. जेजुइट पंथाच्या शिक्षकांनीं त्यास वसईंत लिहिणें-वाचणें शिकविलें, आणि १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं, त्यांच्याबरोबर तो जपानास गेला.

त्या काळीं जपानांतील जेजुइटांचा मुख्य फ्रान्सिस्को काब्राल हा होता (१५७०-८१). युरोपियनास जपानी भाषा पुरतेपणीं येणें शक्य नाहीं, असें त्याचें मत. आणि देश्य लोकांच्या चालीरीतींस धर्मोपदेशकांनीं वळावें ही कल्पना त्यास रुचत नसे. हें धोरण बदललें तें १५७९ त. त्या वर्षीं आलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन निरीक्षक जपानांत उतरला व त्यानें पुढें दोन वर्षांनीं तेथील आचारांविषयीं एक नियमपत्रिका तयार केली. नवागतांनीं आधीं भाषा शिकावी. मठांत डुकरें व शेरडें पाळूं नयेत. जेवण जपानी पद्धतीनें असावें. घर निर्मळ असावें. आलेल्या अतिथीस चहा देण्याची सोय सदैव असावी. नमस्कार कोणास किती लवून करावा, कोणास दारापर्यंत पोंचवावें, हें जाणून वागावें. असे त्यांतील नियम आहेत. लिस्बन वा रोम येथून आलेल्या मनुष्यास हें सर्व नवें व जड होतें.

वसईच्या मुलास तें तितकें जड गेलें नसावें, असें मला वाटतें. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तथापि तो सबळ आहे. भात व मासळी हें त्याचें घरचें अन्न. जमिनीवर बसून जेवणें, पादत्राण दाराबाहेर ठेवणें, रोज स्नान करणें, यांत त्याच्या आईकडील आप्तांस नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. भाषेचीही गोष्ट तशीच. जपानी वाक्यांत मराठीप्रमाणेंच क्रियापद शेवटीं येतें. विभक्तीचा अर्थ नामामागून येणाऱ्या लहान शब्दांनीं दाखवितात. वडील, समान व कनिष्ठ यांच्याशीं बोलतांना क्रियापदाचें रूप पालटतें. पोर्तुगीज व्याकरणांतून गेलेल्यास हें उफराटें वाटे. ज्याच्या कानांत लहानपणापासून कोंकणांतील बोली होती त्यास तें सरळ वाटणें स्वाभाविक होय. जपानी वर्णांचा अ, इ, उ, ए, ओ व पुढें क, स, त, न असा क्रम तर बौद्ध भिक्षूंनीं तिकडे नेलेल्या संस्कृत वर्णमालेवरूनच बसलेला आहे. गोन्सालोस हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या देशांतून तिकडे गेलेला तो पहिला धर्मोपदेशक नव्हता एवढें आपण लक्षांत ठेवावें.

तें कसेंही असो, सुमारें आठ वर्षांत त्यानें जपानी भाषा उत्तम संपादिली व जेजुइटांचा धर्मशिक्षक म्हणून काम केलें, याविषयीं मतभेद नाहीं. तरीही पंथांत घ्यावें ही त्याची विनंति मान्य झाली नाहीं. हिंदी मातांच्या मुलांस पंथांत घेण्याविषयीं त्या काळच्या अधिकाऱ्यांचें मत प्रतिकूल होतें, आणि खुद्द वालिन्यानो, जो जपानी लोकांविषयीं इतका उदार, तो हिंदी लोकांविषयीं तसा नव्हता. ज्याच्या जिभेचा उपयोग होता त्याच्या जन्मास तेथें जागा नव्हती. गोन्सालोनें तें काम सोडलें, पूर्व समुद्रावर व्यापार केला, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथांत पौरोहित्याची दीक्षा नसलेला साधा मठबंधु म्हणून प्रवेश मिळविला.

(३)

येथें एक तुलना करणें अवश्य आहे. त्याच शतकांत वसईच्या मुलखांत आलेले परदेशी धर्मोपदेशक नव्या देशांत कसे राहिले? फ्रान्सिस्कन आंतोनियो दो पोर्तो यानें साष्टी बेटांतील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें प्रार्थनामंदिर केलें, व देवस्थानांचीं उत्पन्नें मठांकडे वळविण्यांत आलीं. फ्रान्सिस झेवियर १५४८ त वसईस आला तो गव्हर्नर झुआंव दे कास्त्रो यास भेटावयास. याचा अर्थ उघड आहे. वसईंत धर्मोपदेशकाच्या पाठीशीं तटबंदी, तोफ व राजाज्ञा होती. लोकांच्या चालीस त्यानें वळण्यापेक्षां लोकांनींच त्याच्या चालीस वळावें अशी तेथील व्यवस्था होती. जपानांत त्याच्या पाठीशीं कांहीं नव्हतें. १५८७ त तोयोतोमी हिदेयोशी यानें पाद्र्यांनीं देश सोडावा असा हुकूम काढला, तेव्हां तो अंमलांत आणणें वा न आणणें सर्वस्वी त्याच्या मर्जीवर होतें. चहाचें पात्र कसें धरावें याचे नियम वालिन्यानोस करावे लागले ते याच कारणानें. जेथें किल्ला होता तेथें जुळवून घेण्याची गरज पडली नाहीं; जेथें किल्ला नव्हता तेथें भाषा व रीत शिकणें हाच काय तो आधार उरला.

या नियमास आपल्याकडे एक थोर अपवाद आहे. इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा टॉमस स्टीफन्स हा लिस्बनहून निघून ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. वालिन्यानो जपानांत उतरला तेंच हें वर्ष. त्यास गोव्यांतील साष्टी प्रांतांत नेमलें. तेथें कुंकळ्ळी येथें देवळें पाडल्याच्या संतापानें लोकांनीं जुलै १५८३ त पांच जेजुइटांस ठार मारिलें, आणि त्यांचीं प्रेतें मिळवून आणणारा स्टीफन्स होता. किल्ला पाठीशीं असूनही मनुष्य परकाच राहतो, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. पुढें त्यानें मराठी व कोंकणी यांचा असा अभ्यास केला कीं सुमारें ११,००० ओव्यांचें क्रिस्तपुराण रचून १६१६ त राचोल येथें छापविलें. पुराणाची रचना, ओवीचें वळण व श्रोत्यांस उद्देशून बोलण्याची तऱ्हा हें सर्व त्यानें आपल्या संतकवींच्या परंपरेंतून उचललें. गोन्सालो वसईहून जाऊन जपानी बोलूं लागला. स्टीफन्स विल्टशायरहून येऊन मराठी लिहूं लागला. दोघांचाही परदेशांतील नवा जन्म भाषेंतून झाला.

छापखान्याचा प्रवासही याच मार्गानें झाला. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ त गोव्यास लागला. जपानास नेण्यासाठीं वालिन्यानोनें आणविलेला दुसरा एक छापखाना वाटेंत गोव्यास थांबला, तेथें त्यावर १५८८ त एका जपानी तरुणाचें लॅटिन भाषण छापलें गेलें, आणि १५९० त तो जपानांत पोंचला. तिकडे जपानी ग्रंथ रोमन लिपींत छापले गेले, इकडे मराठी पुराण रोमन लिपींत छापलें गेलें. या लिपीचा मुद्दा पुढें उपयोगीं पडणार आहे.

(४)

१५९३ त फिलिपाइन बेटांचा गव्हर्नर गोमेझ पेरेझ दास्मारिन्यास यानें हिदेयोशीकडे वकिलात पाठविली. वकील म्हणून फ्रान्सिस्कन पेद्रो बाप्तिस्ता निघाला व त्याच्याबरोबर तीन मठबांधव होते. त्यांत गोन्सालो हा दुभाषी. हिदेयोशीचा तळ तेव्हां कोरियाच्या मोहिमेसाठीं हिझेन प्रांतांतील नागोया येथें होता. मनिलाकरांनीं आपलें स्वामित्व मान्य करावें अशी त्याची मागणी, आणि ती मान्य करण्याचा अधिकार वकिलास नव्हता. अशा भेटींत शब्द जरा तिरपा पडला तर डोकें जाण्याचा प्रसंग. त्या सभेंत बोलणें वसईच्या मनुष्याच्या मुखानें झालें, आणि परिणामीं त्यांस राहण्याची परवानगी व क्योतो येथें जागा मिळाली. १५९४ पासून तेथें त्यांनीं प्रार्थनामंदिर व महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें.

जेजुइटांस हें आवडलें नाहीं. तेरावा ग्रेगरी या पोपच्या १५८५ च्या आज्ञेनें जपान हें केवळ त्यांचें कार्यक्षेत्र ठरलें होतें. शिवाय हिदेयोशीच्या हुकुमानंतर ते सावधपणें राहत, तर फ्रान्सिस्कन अनवाणी व ठिगळांच्या झग्यांत उघडपणें उपदेश करीत. एका पक्षाचें म्हणणें, देशाच्या रीतीस धरून वागावें. दुसऱ्याचें, दारिद्र्य हीच सर्व देशांस समजणारी रीत. गोन्सालोनें पहिल्या पक्षांत राहून भाषा मिळविली व दुसऱ्या पक्षांत जाऊन तिचा उपयोग केला. दोन्ही रीतींची प्रत्यक्ष ओळख असलेला असा मनुष्य त्या मंडळींत विरळाच असेल.

ऑक्टोबर १५९६ त 'सान फेलिपे' नांवाचें मालानें भरलेलें स्पॅनिश जहाज शिकोकू बेटाच्या किनाऱ्यास लागून फुटलें. माल जप्त झाला. त्या प्रसंगीं जहाजावरील सुकाणूदारानें, आमचा राजा आधीं पाद्री पाठवितो व मागून सैन्य, अशी बढाई मारली असें सांगतात. ही हकीकत कितपत खरी याविषयीं विद्वानांत वाद आहे, व दोन्ही पंथांनीं एकमेकांवर दोष ठेविला आहे. परंतु सुकाणूदार तसें बोलला असो वा नसो, हिदेयोशीच्या मनांतील शंका अगदींच निराधार होती असें आगाशी-अर्नाळ्याच्या रहिवाशास म्हणतां येणार नाहीं. येथें आधीं आरमार आलें व मागून मठ, एवढाच क्रमाचा फरक. गोन्सालोनें जो किल्ला जन्मतः पाठीमागें टाकला होता त्याची छाया त्याच्या मागोमाग क्योतोपर्यंत गेली.

डिसेंबर १५९६ त धरपकड झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेजुइट व सतरा जपानी गृहस्थ अशा सव्वीस जणांस शिक्षा ठरली. पैकीं दोघे वाटेंत सामील झाले. क्योतोंत त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, धिंड काढून, ऐन हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत चालवीत नेलें. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं (शके १५१८, जपानी गणनेनें केईचो १, बाराव्या महिन्याचा एकोणिसावा दिवस) निशिझाका टेकडीवर त्यांस क्रुसावर बांधून भाल्यांनीं मारिलें. गोन्सालोचें वय तेव्हां चाळिसाच्या आंतबाहेर होतें. १६२७ त पोपनें त्यांस धन्य व ता. ८ जून १८६२ रोजीं नवव्या पायसनें संत म्हणून घोषित केलें.

(५)

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गोन्सालोविषयीं आपल्याकडे दोन मतें आढळतात. एक म्हणतें, तो फिरंगी. नांव, बाप व धर्म सर्व फिरंगी. मराठ्यांच्या इतिहासाशीं त्याचा संबंध काय? दुसरें त्याच्या बापाचा उल्लेखच गाळून त्यास केवळ कोंकणचा करितें. दोन्ही मतें पुराव्यास धरून नाहींत. तो दोहोंकडला होता, आणि म्हणूनच दुभाषी होऊं शकला. त्यास नाकारणाऱ्या अधिकाऱ्यांनीं त्याच्या आईकडे बोट दाखविलें असेल. आपणही त्यास बापाकडे बोट दाखवून नाकारावें काय?

या चुकीचा एक दोषी मी स्वतः आहें. शिक्षकीच्या आरंभीच्या वर्षांत या बाजूच्या एका ख्रिस्ती घरीं मला एक जुनी हस्तलिखित वही दाखविली होती. अक्षरें रोमन पाहून, ही पोर्तुगीज, आपल्या कामाची नव्हे, असें म्हणून मीं ती परत केली. पुढें बऱ्याच वर्षांनीं १९०७ ची सालढाणा यांची मंगळूरची क्रिस्तपुराणाची आवृत्ति, जी रोमन लिपींतच आहे, मोठ्यानें वाचतांना कानास ओवी लागली, आणि त्या वहींतील ओळींची ठेवण डोळ्यांपुढें उभी राहिली. त्या घरीं पुन्हां गेलों. मालक निवर्तले होते. घर शाकारतांना माळ्यावरील कागद वाळवीनें खाल्लेले म्हणून जाळले, असें सांगण्यांत आलें. ती वही कोणत्या ग्रंथाची होती हें सांगण्याचा अधिकार मला उरला नाहीं.

ही हानि लहान नव्हे. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रित आवृत्तींची एकही प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें केलेल्या नकलांमुळें. १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देश्य भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढल्यावर तर या नकलांवरच सर्व भिस्त राहिली. लंडनमधील मार्सडेन संग्रहांत या पुराणाची देवनागरी प्रत आहे, तिच्याकडे जस्टिन ॲबट यांनीं विद्वानांचें लक्ष वेधलें. पुढें १९५६ त शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी आवृत्ति काढली. आपल्या वसई भागाची गोष्ट आणखी निराळी. फ्रान्सिस्को वाझ दे गिमारांइस या फ्रान्सिस्कनानें ख्रिस्ताच्या दुःखभोगावर उत्तर कोंकणच्या बोलींत पुराण रचलें व तें १६५९ त लिस्बन येथें रोमन लिपींत छापलें. १७३९ त वसई पडली, तेव्हां मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठीं कांहीं प्रार्थनामंदिरें चालू राहावीं असें चिमाजी आप्पांनीं तहांत मान्य केलें. पाश्चात्यांचा किल्ला गेला. त्यांचा धर्म घेतलेले लोक मात्र राहिले, आणि ते मराठीच बोलत राहिले. पाठीशीं तट नसतां टिकून राहण्याचा जो धडा गोन्सालोनें जपानांत घेतला तोच या लोकांनीं पुढें आपल्याच गांवीं गिरविला. त्याचा पुरावा या वह्यांत आहे.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति आहे कीं, वसई, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा या टापूंत रोमन अक्षरांचें जुनें हस्तलिखित दिसल्यास तें पोर्तुगीज म्हणून टाकूं नये. दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. 'श'च्या जागीं एक्स हें अक्षर असेल. ट, ड, ण, ळ यांसाठीं एकच अक्षर दोनदां लिहिलेलें असेल. अनुस्वारासाठीं शब्दाच्या शेवटीं एम् असेल. तीन चरणांस यमक लागून चौथा आंखूड आला कीं ओवी ठरली. मालकास वही द्यावयाची नसेल तर मागूं नये. नक्कल करून घ्यावी, आणि ती कोणत्या घरीं, कोणत्या प्रसंगीं वाचली जात असे हें विचारून टिपून ठेवावें.

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ त उभारलेल्या स्मारकांत सव्वीस जणांच्या ब्राँझच्या आकृति आहेत व त्यांत हा वसईकर आहे. अर्नाळ्याच्या दरवाजावरील लेख आपण वाचला, त्याचे ठसे घेतले, त्यावर लिहिलें. तें योग्यच झालें. त्या दोहोंच्या मधला जो इतिहास, तो वह्यांत आहे, आणि दर पावसाळ्यांत त्या थोड्या कमी होत आहेत.